सकाळचं सरबत दुपारी कडू का होतं?

मे महिन्यातल्या भर दुपारी जबलपूरच्या ओमती चौकातून चालत जायची वेळ आली, की डांबराची धग चपलेतूनही जाणवते. पारा ४२ च्या आसपास, हवा कोरडी ठणठणीत, घाम अंगावर दिसायच्या आतच वाळून गेलेला. अशा दिवसांत घरोघरी सकाळीच सरबताचं भांडं भरून फ्रीजमध्ये ठेवलं जातं. करताना चव घेतलेली असते, फक्कड जमलेलं असतं. दुपारी उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात तोच गार पेला दिला जातो, आणि दोन घोट पोटात गेल्यावर घशाशी एक कडवट चव रेंगाळते. लिंबं तीच, साखर तीच, पाणी तेच. मधल्या वेळात कोणी त्यात काही घातलेलं नाही. मग कडूपणा आला कुठून?

“बी चिरडली असेल,” असं घरातली मोठी माणसं सांगतात. ते काही वेळा खरंही असतं. पण बी चिरडल्याचा कडूपणा लगेच कळतो, सकाळी चव घेतानाच कळला असता. हा चार-पाच तासांनी उगवणारा कडूपणा वेगळा आहे. तो समजून घेतला, की सरबतात काय घालायचं याच्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, काय कधी घालायचं याला महत्त्व आहे हे पटतं. घरच्या सरबताची बहुतेक दुखणी पदार्थांपेक्षा क्रमातूनच येतात.

लिंबातला उशिरा जागा होणारा कडूपणा

लिंबू आडवं चिरून पाहा. बाहेर पिवळी साल, तिच्या आत पांढरा मऊ थर, मग पाकळ्यांवरचे पातळ पापुद्रे आणि त्यांच्या आत रसाच्या बारीक बारीक पिशव्या. आंबटपणा या पिशव्यांत असतो. लिंबाच्या रसात साधारण पाच ते आठ टक्के सायट्रिक आम्ल असतं. पांढऱ्या थरात आणि पापुद्र्यांत मात्र एक असं द्रव्य असतं, की ज्याला स्वतःची कडू चव अजिबात नसते. लिंबू अख्खं आहे तोवर ते आपल्या जागी आणि आम्ल आपल्या जागी, दोघांची गाठ पडत नाही.

आपण लिंबू पिळतो तेव्हा पापुद्रे फाटतात आणि ते बिनचवीचं द्रव्य रसात उतरतं. आता ते आम्लात बुडालेलं असतं. आम्लामुळे त्याच्या रेणूची घडण हळूहळू बदलते आणि त्याचं ‘लिमोनिन’ नावाच्या पदार्थात रूपांतर होतं. फळातच असलेलं एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया जलद घडवून आणणारं प्रथिन, या कामाला मदत करतं. लिमोनिन चांगलंच कडू असतं. लिटरभर रसात सहा-सात मिलिग्रॅम झालं तरी बऱ्याच जणांच्या जिभेला ते कळतं. हे रूपांतर व्हायला काही तास लागतात. सकाळी गोडआंबट लागलेलं सरबत दुपारी कडवटतं ते यामुळे.

नागपुरी संत्र्याच्या रसाचंही हेच दुखणं आहे. संत्र्याचा रस काढून बाटलीत भरणाऱ्यांना या उशिराच्या कडूपणाने कायम सतावलं आहे, आणि तो काढून टाकण्यासाठी कारखान्यांत खास प्रक्रिया कराव्या लागतात. हातगाडीवर आपल्या डोळ्यांसमोर काढलेला रस गोड लागतो, तोच डब्यात भरून घरी नेऊन संध्याकाळी प्यायला तर तोंड वाकडं होतं.

हे करून पाहण्यासारखं आहे. एका पेल्यात लिंबाची अर्धी फोड हलक्या हाताने पिळा. दुसऱ्या पेल्यासाठी उरलेली अर्धी फोड साल काढून, बिया काढून, पांढऱ्या थरासकट मिक्सरमधून फिरवा आणि गाळा. दोन्हींत सारखंच पाणी आणि साखर घाला. लगेच चव घ्या, आणि मग तीन-चार तासांनी पुन्हा घ्या. मिक्सरमधलं सरबत सुरुवातीलाही थोडं तुरट असेल, पण नंतरचा फरक सांगावा लागणार नाही.

यातून तीन गोष्टी निघतात. लिंबू शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळू नये, कारण शेवटच्या थेंबांबरोबर पापुद्र्यातलं द्रव्यच जास्त येतं. लिंबाचा रस गरम पाकात घालू नये, उष्णतेने हे रूपांतर वेगाने होतं. आणि जमेल तितकं, लिंबू प्यायच्या वेळीच पिळावं. लिंबाचा तो ताजा, नाकाला झोंबणारा वासही आम्लात आणि उष्णतेत टिकत नाही, त्यामुळे हा शेवटचा नियम पाळला की चव आणि वास दोन्ही राखले जातात.

साखर मात्र आधीच

लिंबू शेवटी, तर साखर सगळ्यात आधी. थंड पाण्यात साखर विरघळत नाही असं आपण म्हणतो, पण विरघळवण्याची पाण्याची ताकद कमी पडते असं काही नाही. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात जवळजवळ दोन किलो साखर मावते. अडचण वेगाची असते. थंड पाण्याचे रेणू संथ हलतात, साखरेच्या दाण्यावरचे थर सावकाश सुटतात. आपण चमचा दोनदा फिरवून चव घेतो, गोडी कमी वाटते म्हणून आणखी एक चमचा घालतो, आणि शेवटच्या घोटात तळाची सगळी साखर तोंडात येते.

म्हणून एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी पातेल्यात घेऊन साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं. तार वगैरे काही नको. पाक पारदर्शक दिसला की गॅस बंद. फ्रीजमध्ये ठेवल्यावर साखर पुन्हा जमू नये म्हणून पाक गरम असतानाच त्यात लिंबाचे चार थेंब टाकायची जुनी युक्ती चांगली आहे. आम्ल आणि उष्णतेमुळे साखरेचा थोडा भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या साखरा होतात, आणि अशा मिश्रणात खडे धरत नाहीत. चार थेंबांनी कडूपणा यायची भीती नाही.

साखरेचं प्रमाण ठरवताना पुष्कळांचा अंदाज चुकतो, त्याचंही कारण जिभेत आहे. गोड चव ओळखणाऱ्या पेशींमधली एक यंत्रणा तापमानावर चालते. जिभेवरचा पदार्थ १५ अंशांपासून ३५ अंशांपर्यंत तापत गेला, की तिचा प्रतिसाद झपाट्याने वाढतो, असं २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. म्हणजे साध्या तापमानाला अगदी बेताचं गोड लागलेलं सरबत बर्फ पडल्यावर फिकं लागतं. शीतपेयांत एवढी साखर का खपून जाते तेही यावरून कळतं. गार पेयातली साखर जिभेला पुरती कळतच नाही. तीच बाटली कोमट झाल्यावर पिऊन पाहिली, की साखरेचा खरा अंदाज येतो.

यावर माझा उपाय सरळ आहे. गार झाल्यावर फिकं वाटलं तरी साखर वाढवू नये. चिमूटभर मीठ घालून पाहावं.

चिमूटभर मिठाची दोन कामं

मिठाचं पहिलं काम जिभेवरचं. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्येच ब्रेस्लिन आणि बोशॅम्प या दोन संशोधकांनी दाखवलं, की मिठातला सोडियम कडू चव दाबतो, आणि कडूपणा दबला की त्याच्याखाली झाकली गेलेली गोडी वर येते. मीठ स्वतः काही गोडी आणत नाही, ते गोडीच्या वाटेतला अडथळा दूर करतं. लिंबाच्या सरबतात कडूपणाचा धोका कायम असल्यामुळे तिथे मीठ विशेष लागू पडतं. जबलपुरात शिकंजीत, म्हणजे लिंबाच्या सरबतात, काळं मीठ घालतात. त्यातल्या गंधकयुक्त वासामुळे सरबताला जो चटकदारपणा येतो, तो साध्या मिठाने येत नाही. पण कडूपणा दाबायचं काम दोन्हींतला सोडियमच करतो.

दुसरं काम आतड्यातलं, आणि ते जास्त मोलाचं आहे. घामावाटे पाणी जातं तसं मीठही जातं. प्यायलेलं पाणी रक्तात शिरतं ते मुख्यतः लहान आतड्यातून. तिथल्या पेशींच्या आवरणात काही दारं अशी आहेत, की ती ग्लुकोज आणि सोडियम दोघंही हजर असल्याशिवाय उघडत नाहीत. बँकेच्या लॉकरला एक किल्ली आपली आणि एक बँकेची, दोन्ही लावल्याशिवाय तो उघडत नाही, तसंच हे. दोघं आत शिरले की त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढलं जातं. आपली नेहमीची साखर आतड्यात फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, त्यामुळे सरबतातून एक किल्ली सहज मिळते. दुसरी किल्ली चिमूटभर मिठाची.

संशोधक रॉबर्ट क्रेन यांनी ही दुहेरी वाहतुकीची कल्पना १९६० मध्ये मांडली. तिचं मोल जगाला दिसलं ते आपल्याच देशात. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात ग्लुकोज आणि क्षार कालवून ते रोग्यांना तोंडावाटे पाजायला सुरुवात केली. पाजण्याचं काम रोग्यांच्या नातेवाइकांनीही केलं. मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं गेलं. विसाव्या शतकातल्या वैद्यकाने दिलेल्या सगळ्यात मोठ्या देणग्यांत मी या साध्या पाण्याची गणना करतो, आणि महालनबीस यांचं नाव शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

याचा अर्थ सरबत म्हणजे ओआरएस, म्हणजे तेच ग्लुकोज-क्षारांचं पाणी, असा मात्र घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियमचे क्षार आणि सायट्रेट. आपल्या सरबतात लिटरमागे ८० ग्रॅमपर्यंत साखर सहज जाते. इतकी गोडी असली की पेय पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो, आणि साखर फारच झाली तर आतड्यात उलट पाणी ओढलं जातं. जुलाब झालेल्या माणसाला, लू लागून चक्कर येणाऱ्या माणसाला सरबतावर ठेवू नये. पुडीतलं ओआरएस द्यावं आणि डॉक्टरांकडे न्यावं.

फळ कोणतं आणि ते कसं

पाक झाला, मीठ झालं, लिंबू शेवटी. मधल्या जागेत फळ. जबलपुरात मे-जूनमध्ये फालसे मिळतात. करवंदाहून लहान, जांभळट तांबडी, आंबटगोड फळं. मुंबई-पुण्याच्या बाजारात ती अभावानेच दिसतात, कारण तोडल्यावर एक-दोन दिवसांत ती खराब होतात आणि लांबचा प्रवास त्यांना सोसत नाही. जिथे पिकतात तिथेच संपतात. म्हणून उन्हाळ्यात त्या बाजूला कोणी जात असेल, तर फालशाचं सरबत प्यायल्याशिवाय परतू नये असं मी आवर्जून सांगतो.

फालसे मिक्सरमधून काढायचे नाहीत. आतली बी टणक असते, ती फुटली की सरबत तुरट होतं. धुतलेल्या फळांवर चिमूटभर मीठ घालून ती पाण्यात हाताने कुस्करायची. गर बोटांना लागतो, बिया टणक तशाच राहतात, आणि पाण्याला गढूळ जांभळा रंग येतो. स्टीलच्या गाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबून गाळलं की झालं.

आता त्यात लिंबू पिळताना रंगाकडे लक्ष ठेवा. गढूळ जांभळ्याचा बघता बघता लखलखीत लाल होतो. फालसा, जांभूळ, कोकम या सगळ्यांचा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो. ती आम्लात लाल दिसतात, आम्ल कमी झालं की निळसर जांभळट होतात. खात्री करायची तर चमचाभर फालशाच्या पाण्यात खायच्या सोड्याची चिमूट टाका, रंग निळसर करडा होईल. क्षारयुक्त जड पाण्यात फालशाचं सरबत मळकट दिसतं ते याच कारणाने, आणि लिंबाने ते सुधारतं.

कलिंगडाचं गणित उलटं आहे. त्यात सुमारे ९२ टक्के पाणी, थोडी साखर आणि आंबटपणा जवळजवळ नाहीच. तिथे लिंबू चव आणतं आणि पाक नसला तरी चालतं.

चौकट : फालसा-लिंबू सरबत, सहा पेले

फालसे पाव किलो, गार पाणी पाऊण लिटर, थंड झालेला पाक १५० मिलिलिटर (एक भरलेली वाटी), मध्यम आकाराची कागदी लिंबं तीन, मीठ पाव चमचा, काळं मीठ चिमूटभर, पुदिन्याची पानं दहा-बारा.

फालसे थोड्या पाण्यात कुस्करून गाळा. उरलेलं पाणी, पाक आणि दोन्ही मिठं घाला. इथपर्यंतचं मिश्रण सकाळी करून फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालतं. प्यायच्या वेळी लिंबू हलक्या हाताने पिळा, पुदिना तळहातावर एकदा चापटून टाका, बर्फ घाला. भांडं काचेचं किंवा स्टीलचं असावं. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर तांबं रसात उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात.

जबलपूरचा माठ आणि मुंबईचा माठ

पाककृतीत ‘गार पाणी’ असं सहज लिहिलं जातं, पण जबलपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी हाताला चटका देतं. समजा ते ४० अंश आहे. एक लिटर पाणी १० अंशांवर आणायला त्यातून ३० हजार कॅलरी उष्णता काढावी लागेल. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो आणि त्याचं पाणी १० अंशांवर येईपर्यंत आणखी १०. म्हणजे ३३० ग्रॅमहून जास्त बर्फ लागेल, आणि तेवढंच पाणी सरबतात वाढेल. चांगल्या केलेल्या सरबताची चव तिथे एक चतुर्थांशाने पातळ होते, मग आपण पुन्हा साखर घालतो.

माठातलं पाणी वापरलं तर ही अडचण निम्म्याने कमी होते. माठाच्या भिंतीतून पाझरलेलं पाणी वाळताना आतल्या पाण्यातूनच उष्णता घेतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात, त्यामुळे लिटरभर पाणी १० अंशांनी गार करायला हिशेबाने सतरा-अठरा ग्रॅम पाणी उडून जाणं पुरतं. बाहेरची उष्णता आत शिरत राहते म्हणून प्रत्यक्षात यापेक्षा जास्त उडतं, एवढंच.

मात्र पाणी वाळायला हवा कोरडी हवी. ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर या पद्धतीने पाणी फार तर २४ अंशांपर्यंत उतरू शकतं, सावलीतल्या चांगल्या माठात ते २५-२६ पर्यंत येतं. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना हीच मर्यादा २८ च्या पुढे असते. हवा जबलपूरची जास्त तापलेली, आणि पाणी जबलपूरच्या माठातलं जास्त गार. जूनच्या उत्तरार्धात पाऊस आला की जबलपूरचा माठही आपली कामगिरी थांबवतो. माठ तोच असतो, हवेत आणखी वाफ मावायला जागा नसते.

२५ अंशांच्या पाण्यापासून सुरुवात केली तर १० अंशांवर यायला लिटरमागे १७० ग्रॅमच्या आत बर्फ पुरतो. बर्फ मात्र घरच्या पिण्याच्या पाण्याचाच असावा. लिंबाच्या आम्लाने दूषित बर्फ शुद्ध होतो असं समजणं घातक आहे.

कैरीला आच लागतेच

लिंबाला उष्णता चालत नाही, हे कैरीला लावलं तर पन्हं बिघडेल. कच्च्या कैरीच्या गरात पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन असतं आणि पिष्टमय पदार्थही असतात. आच लागली की पेक्टिन सुटून पाण्यात उतरतं, पिष्ट फुगतं, आणि पन्ह्याला तो दाटसर, जिभेवर रेंगाळणारा अंगलोट येतो. कैरीचं आम्लही मुख्यतः सायट्रिकच, पण लिंबासारखा कडवटणारा ऐवज तिच्या गरात नसल्यामुळे ती आचेला घाबरत नाही. कच्ची कैरी किसून पाण्यात घातली तर आंबट पाणी मिळेल, पन्हं मिळणार नाही.

आच कशी द्यायची यात जबलपूरच्या दोन स्वयंपाकघरांची रीत वेगळी. हा मुलूख १८१७ पर्यंत काही दशकं मराठ्यांकडे होता, आधी सागरकरांकडे आणि १७९८ नंतर नागपूरकर भोसल्यांकडे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरांत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हं होतंच. त्या पन्ह्यासाठी कैरी उकडतात आणि गरात गूळ, वेलची, जमलं तर केशर घालतात. शेजारच्या हिंदी भाषक घरात कैरी निखाऱ्यावर किंवा गॅसच्या आचेवर साल काळी पडेपर्यंत भाजतात आणि गरात पुदिना, भाजलेलं जिरं, काळं मीठ घालतात. उकडताना कैरीला पाणी मिळतं, गर सौम्य आणि एकसारखा मऊ होतो, वेलचीचा नाजूक वास त्यावर उठून दिसतो. भाजताना गरातलं थोडं पाणी उडून आंबटपणा एकवटतो आणि करपलेल्या सालीचा धुराळ वास आत मुरतो. त्या वासापुढे वेलची टिकत नाही, तिथे जिऱ्यासारखा दणकट मसालाच हवा. दोन्ही रीती आपापल्या जागी पूर्ण आहेत, आणि भाजलेल्या गरात गूळ-वेलची घालून त्यांची मोट बांधायचा प्रयत्न मला कधीच पटला नाही.

उन्हातून आलेल्याला द्यायचं असेल तर गूळ बेताचा ठेवून मीठ थोडं वाढवावं. उरलेला शिजलेला गर पाणी न घालता, गुळासकट बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवून ठेवता येतो. एका पेल्याला दोन खडे पुरतात, आणि कैऱ्यांचा हंगाम संपल्यावरही काही आठवडे पन्हं मिळत राहतं. फक्त वेलची त्यात आधी घालू नये. ती पेल्यात, आयत्या वेळी कुटून.